एकशे बारा पावलं

विजेचे खांब ओढ्यापलीकडे येऊन थांबले,
त्याला आता अकरा वर्षं.
शेवटच्या खांबावर एक कोतवाल पक्षी बसतो,
तेवढाच त्याचा उपयोग.

अलीकडे आमचं गुऱ्हाळ. चरक, चुलवण, एक काहील,
आणि गेल्या हंगामात रॉड तुटून गप्प झालेलं
काकांच्या वेळचं इंजिन.
तुटलेला ऊस दोन दिवस वाट बघतो,
गाळलेला रस तासभरही नाही.
म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी
मी आणि आमचे गुळवे सुपडूबापू
जनरेटर बघायला दोंडाईच्याला निघालो.
सारंगखेड्याच्या पुलावरून बापूंनी
तापीत एक रुपया टाकला. कशासाठी, ते विचारलं नाही.

वहीत माझा हिशेब तयार होता.
चरकाची मोटर दहा हॉर्सपॉवरची,
पण निजलेली उठताना तिप्पट मागते,
आमच्या घरातल्या काही माणसांसारखी.
मग चुलीचा पंखा, रसाचा पंप, चार दिवे,
आणि एक जादा बोर्ड, कारण रुमशाची पोरगी
नववीत आहे
आणि तिचा अभ्यास मोबाइलवर येतो.

ट्रॅक्टरमागे जोडायचा एक होता. स्वस्त.
पण ट्रॅक्टर इथे उभा राहिला
तर ऊस काय डोक्यावर आणायचा?
दुसरा हिरव्या पेटीत, कोरा करकरीत.
"सायलेंट आहे, ताई!"
मुश्ताकशेठ त्या आवाजावरून ओरडून सांगत होते.
तिसरा मंडपवाल्याकडून आलेला,
नऊ वर्षं लोकांच्या वराती उजळून थकलेला,
टाकीवर अजून हळदीची पाच बोटं.
मी तेल बघितलं, तास बघितले, धुराचा रंग बघितला.
तासाला चार लिटर, म्हणाले. मी पाच लिहिले.

बापू यातलं काहीच बघत नव्हते.
त्यांनी चहाचा रिकामा ग्लास माझ्या हाती दिला,
वर चमचा.
"तू वाजाड," म्हणाले,
आणि पाठ फिरवून चालू लागले.

मला उशिरा कळलं.
काहिलीतला पाक पाण्यात सोडायचा,
बोटांनी त्याची गोळी वळायची,
काहिलीच्या काठावर मारायची.
फस्‌ झालं तर अजून कच्चा.
टण्‌ झालं तर उतरवा, आत्ता, या श्वासाला.
दोन श्वास उशीर, की गूळ काळा.
पन्नास वर्षं ते एवढंच ऐकत आले.
"पाक बोलस, आपू आयकानं."

मी वाजवत राहिले.
गॅरेज गेलं, पंक्चरवाला गेला,
पोरं हसत त्यांच्यामागून चालली.
रसवंतीच्या बंद गाड्यापाशी बापू थांबले,
मान कलती केली,
हात वर.
एकशे बारा.

हिरवी पेटी सत्तर पावलांतच जमली असती,
पण तिच्या किमतीत मंडपवाला बसत होता,
शिवाय एकशे बारा पावलांची केबल
आणि वर रुमशाचा आगाऊ पगार.
केबल जाड घे, मुश्ताकशेठ म्हणाले,
लांब तारेत वीज वाटेतच दमते.
हे मात्र ते न ओरडता म्हणाले.

गुऱ्हाळापासून पावलं मोजत गेलो
तर जागा नेमकी ओढ्याच्या काठावर आली,
पलीकडे तो शेवटचा खांब.
चिपाडाचं छप्पर केलं, खाली चार फरशा.
कोतवाल दोन दिवस रागावला, मग परत आला.

पहिल्या रात्री चरक उठला
तेव्हा चारही दिवे मिणमिणले, जणू जातात,
आणि सावरले.
रानभेंडीचा चीक पडला, मळी वर आली,
पिवळा फेस तांबूस झाला.
बापूंनी हात वर केला. रुमशानं पंखा बंद केला.
त्याची पोरगी पाठ करत होती, तीही थांबली.
दूर कुठेतरी वरात चालल्यासारखी घरघर,
तेवढीच.

गोळी काठावर लागली.
मला काही ऐकू आलं नाही.
बापू म्हणाले, "नही. अजून नही."